चाकावरची धाव

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना लोहार काय करतो? धावेचा घेर लांकडी चाकाहून किंचित् लहान ठेवतो, गोवऱ्यांच्या जाळांत ती चांगली तापवितो, सांडशींनीं उचलून चाकावर बसवितो आणि लागलीच पाणी ओततो. आकसणारें लोखंड सगळे आरे तुंब्यांत आवळून टाकतें. युरोपांतील केल्ट कारागिरांनाही ही युक्ति रोमन साम्राज्यापूर्वींच साधली होती.

आगगाडीनें तीच उचलली. पोलाद एक अंश सेंटिग्रेडनें तापलें कीं लांबीच्या सुमारें १२ दशलक्षांश वाढतें. प्रमाण क्षुल्लक दिसतें खरें. पण एक मीटर व्यासाचें कडें २५० अंशांनीं तापविल्यास त्याचा व्यास ३ मिलिमीटर वाढतो. चाकाहून १ मिलिमीटर लहान कांतलेलें कडें मग सहज चढतें. निवतांना तें मूळ मापावर येऊं पाहतें, चाक येऊं देत नाहीं; आणि त्या कड्यांत दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २,००० किलोग्रॅमचा ताण कायमचा राहतो. ज्या ताणानें कडें धरून ठेवावयाचें, तोच त्याला फाडावयासही टपलेला असतो!

आरंभीं कडीं लोखंडी पट्ट्या वांकवून व टोकें जोडून करीत. तो सांधा दगा देई. एसेन येथील आल्फ्रेड क्रुप यानें १८५० नंतर लौकरच बिनसांध्याचें पोलादी कडें घडविलें. अशीं तीन कडीं एकांत एक गुंतवून त्यानें आपल्या कारखान्याची मुद्रा केली. तोफांमुळें ज्याचें नांव जगभर झालें, त्याची निशाणी मात्र आगगाडीच्या चाकाची!

सांधा गेला, पण भोंकें राहिलीं. कडें निसटूं नये म्हणून त्यांतून रिव्हेट मारण्याची चाल होती. ताणलेल्या धातूला भोंक पाडणें म्हणजे फाटण्याची जागा आधींच नेमून देणें होय. २४ डिसेंबर १८७४ रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, ऑक्सफर्डहून बर्मिंगहॅमकडे निघालेल्या गाडीस गर्दीमुळें एक जुना डबा इंजिनामागें जोडला होता. शिप्टन गांवाजवळ त्याच्या एका चाकाचें कडें फुटलें, तें रिव्हेटच्या भोंकापाशींच. गाडी बांधावरून कोसळून ३४ माणसें मेलीं. आणि भोंकें न पाडतां, खोबणींत बसणाऱ्या वळ्यांनीं कडें दोहों बाजूंनीं धरणारें मॅन्सेलचें चाक त्यापूर्वींच निघालें होतें! त्यांत कडें फुटलें तरी तुकडे जागेवर राहत.

दुसरा धोका उष्णतेचाच. ब्रेक फार वेळ घांसला कीं कडें चाकाहून अधिक तापतें, फुगतें व सैल पडतें. म्हणून कडें आणि चाक यांवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढूं लागले. तपासनीस फलाटावर वांकून पाही, तो ती रेघ अखंड आहे कीं मधेंच तुटून सरकली आहे, हें.