वस्तीतले काम कोणत्या टेबलावर अडते?
अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून रस्ते, गटारे, पाणी, समाजमंदिर अशी कामे होतात. निधी नाही, हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. पण काम अनेकदा माणसांअभावी रखडते. ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. यातला एक कागद अडला की सगळेच अडते. एकाच कनिष्ठ अभियंत्याकडे कितीतरी गावे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे शेजारच्या गावाचाही अतिरिक्त कार्यभार असेल, तर मार्च उजाडतो आणि मग घाईघाईत सिमेंट ओतले जाते. म्हणून वस्तीच्या बैठकीत आम्ही आधी विचारतो, फाइल कुणाकडे आहे? माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. रिक्त पदांची माहितीही वेगळ्या अर्जात मागावी.