सर्वजातीय विद्यार्थी वसतिगृहे : कोल्हापूर, सातारा आणि मराठवाडा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खेड्यातून शिक्षणासाठी शहरात आलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न अभ्यासाचा नसून निवासाचा व भोजनाचा असतो. जातिव्यवस्थेत हा प्रश्न केवळ आर्थिक राहत नाही. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे, पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, यावर शिक्षणाचे दार उघडणे वा बंद होणे अवलंबून होते. त्यामुळे भिन्न जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारी वसतिगृहे हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा विषय ठरतो. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा आढावा घेऊन जालना जिल्ह्याच्या संदर्भात त्यांचे महत्त्व तपासले आहे.

कोल्हापूरचा अनुभव :

कोल्हापुरात १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. प्रत्यक्षात मात्र त्याचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळाला. दार सर्वांना खुले असल्याने सर्वांना प्रवेश मिळतोच असे नाही, हा धडा राजर्षी शाहू महाराजांनी त्यातून घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्यानंतरच्या काळात जैन, मुस्लिम, लिंगायत व अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप या धोरणावर घेता येतो. परंतु ज्यांना शाळेचा उंबरठाही ओलांडता आला नव्हता, त्यांच्यासाठी हक्काचे छप्पर ही पहिली गरज होती. स्वतंत्र वसतिगृह हे महाराजांच्या दृष्टीने साध्य नव्हते, साधन होते.

साताऱ्याचे पुढचे पाऊल :

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटील यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्वजातीय वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव देण्यात आले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवत. पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले. या वसतिगृहाचे वैशिष्ट्य केवळ सहभोजनात नव्हते. श्रमाची वाटणी जातीनुसार न करता सर्वांनी सर्व कामे करावीत, हा तेथील दंडक होता. झाडलोट करणारा व जेवणारा हे दोन वर्ग राहिले नाहीत, म्हणूनच पंक्तीतील समता टिकली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजनेच्या रूपाने हेच तत्त्व उच्च शिक्षणात आले.

मराठवाडा व जालना परिसर :

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथील परिस्थिती भिन्न होती. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. तिच्यासाठी सालारजंग यांच्या काळात निजाम शासनाकडून जमीन मिळाली होती. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले शेषाद्री आणि अस्पृश्य जातींतून आलेले ख्रिस्ती एका वसाहतीत आले. तथापि हा प्रयत्न मिशनच्या धर्मकार्याशी निगडित होता.

१९४८ मध्ये संस्थान मुक्त झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. नागसेन या भिक्षूशी संवाद करणाऱ्या ग्रीक राजा मिनँडरचे हे पाली नाव आहे. भिन्न संस्कृतींतील दोन व्यक्तींचा मोकळा वाद-संवाद हा या नावामागील आशय होय. खेड्यापाड्यांतील दलित विद्यार्थ्यांना या परिसराने निवास व आत्मभान दोन्ही दिले. 'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे येथेच अध्यापक होते. जालना त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यातच होता; १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला.

वर्तमान संदर्भ :

२०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाचे आंदोलन झाले. २०२४ मध्ये त्याच तालुक्यातील वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांचे उपोषण झाले. दोन्ही बाजूंच्या मागण्यांमागे शेतीवर भागत नसलेल्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणाची चिंता होती. दोन्हीकडची मुले मात्र एकाच महाविद्यालयात, एकाच बाकावर बसतात. शासनाच्या स्वाधार योजनेसारख्या योजनांतून वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना थेट रक्कम मिळते. ही मदत आवश्यकच आहे. परंतु रकमेतून खोली मिळते, पंगत मिळत नाही.

निष्कर्ष :

कोल्हापूरने दाखविले की वंचितांसाठी हक्काची जागा राखल्याशिवाय समान संधी निर्माण होत नाही. साताऱ्याने दाखविले की श्रम व भोजन एकत्र केल्याशिवाय बंधुभाव रुजत नाही. हे दोन्ही मार्ग परस्परविरोधी नसून एकाच वाटेचे दोन टप्पे आहेत. जालन्यासारख्या जिल्ह्यात महाविद्यालयीन वसतिगृहाचा विचार करताना राखीव प्रवेश आणि सामाईक स्वयंपाकघर या दोहोंची सांगड घालणे, हाच या इतिहासाचा बोध होय.