वस्ताद गेल्यानंतर

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे एक जुने गाव आहे. यादवकालीन मंदिरे, कोरीव दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव यांमुळे शिल्पाच्या अभ्यासकांस ते चांगले परिचित आहे. दगडावर दगड नेमका बसवून उभारलेली ही कामे पाहणाऱ्याच्या मनात दोन विचार येतात. पहिला विचार असा की, बांधणारा गेला तरी त्याने बांधलेले शतकानुशतके उभे राहते. दुसरा विचार काहीसा खिन्न करणारा आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य मावळले. देवळे उभी राहिली, परंतु तशी देवळे घडविणारी परंपरा क्षीण होत गेली. उभे असलेले काम आणि चालू असलेली विद्या या दोन भिन्न गोष्टी होत. दगडाच्या बाबतीत हा भेद कळावयास शतके लागतात. खेळाच्या मैदानावर तो दोन-तीन वर्षांतच कळून येतो, आणि त्याचे एक बोलके उदाहरण चारठाण्याची जुनी राजधानी जे हैदराबाद, तेथेच घडले आहे.

चारठाणा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील झाले. तथापि हैदराबाद राज्य या नावाने त्याचे अस्तित्व पुढेही काही वर्षे टिकले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्रात आले. औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. तोपर्यंत परभणीकडील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ. याच विद्यापीठाचे एक पदवीधर, सय्यद अब्दुल रहीम, हे आधुनिक भारतातील सर्वांत थोर फुटबॉल-शिक्षक मानले जातात.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. कॉलेजात असताना ते उत्तम खेळत. पुढे त्यांनी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली, शारीरिक शिक्षणाचा अभ्यास केला, आणि हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद व शहर पोलिसांच्या संघाचे शिक्षण ही दोन्ही कामे अंगावर घेतली. लोक त्यांस अखेरपर्यंत ‘रहीमसाहेब’ म्हणत. परंतु त्यांची रीत शाळामास्तराची होती. मुलांस एकट्याने चेंडू खेळवीत बसण्याची सवय लागते, हे पाहून त्यांनी चेंडू खेळवीत नेण्यास मनाई असलेले सामने भरविले, म्हणजे झटपट चेंडू पुढे देण्यावाचून गत्यंतरच उरू नये. ज्याचा उजवा पाय चालतो त्याचा डावा आळशी होतो, म्हणून केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे सामने त्यांनी योजिले. सिकंदराबादच्या तुलसीदास बलराम या गरीब मुलाच्या अंगचा गुण त्यांनी हेरला. हैदराबादेस सरावाला येण्यापुरते सायकलीचे भाडे रहीमसाहेब आपल्या खिशातून देत, असे बलराम पुढे सांगत असत.

या रीतीचे फळ मुंबईकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. रोव्हर्स चषक ही मुंबईची जुनी आणि मानाची स्पर्धा. हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे तो चषक नेला. दिल्लीचा ड्युरंड चषकही त्यांनी १९५०, १९५४ आणि १९५७ या साली मिळविला. राष्ट्रीय स्पर्धेचा जो संतोष करंडक, तो १९५६–५७ आणि १९५७–५८ या दोन्ही हंगामांत हैदराबादेकडे गेला. आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचा होता. चारठाण्यासारख्या गावी त्या काळात कोणी या खेळाची वार्ता ठेवीत असेल, तर जिंकणारी ती आपली जुनी राजधानी आणि हरणारी ती नवी, असा चमत्कारिक योग त्याच्या वाट्यास आला असला पाहिजे.

भारतीय संघाची सूत्रेही रहीम यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई सामन्यांत भारताने इराणला १–० ने हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने याच भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले कित्येक खेळाडू तोपर्यंत अनवाणी खेळत. अशा पराभवानंतर शिक्षकास कायमचा निरोप देण्याचा मोह कोणत्याही मंडळास होतो. परंतु १९५६ साली मेलबर्नला जाणारा संघ पुन्हा रहीम यांच्याच हाती सोपविण्यात आला. तेथे भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ ने हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले, आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोच्च कामगिरी होय. १९६२ च्या ४ सप्टेंबरला जकार्ता येथे, प्रतिकूल प्रेक्षकांच्या गदारोळात, दक्षिण कोरियाला २–१ ने नमवून भारताने आशियाई सामन्यांचे दुसरे सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी रहीम यांची प्रकृती ढासळली होती. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

आता यानंतर काय झाले ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. वस्ताद गेला की तालीम ओस पडते, असा सर्वसाधारण समज असतो. हैदराबादेस लागलीच तसे काही घडले नाही. पोलिसांच्या संघाचे नाव राज्यपुनर्रचनेनंतर आंध्र पोलीस असे झाले होते. त्या संघाने रहीम यांच्या निधनाच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पुन्हा रोव्हर्स चषक जिंकला. १९६५–६६ साली आंध्र प्रदेशाने संतोष करंडकही मिळविला. भारतीय संघाची सूत्रे हॅरी राइट या इंग्रज गृहस्थाकडे गेली, आणि १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला. वरवर पाहणाऱ्यास वाटावे की, शिक्षक बदलला तरी काही बिघडले नाही.

परंतु हे सर्व विजय मागच्या मशागतीचे होते. खेळणारे पाय रहीम यांनी घडविले होते. ते जोवर मैदानावर होते तोवर चषक येत राहिले. १९६३ नंतर हैदराबादच्या पोलिसांना रोव्हर्स चषक पुन्हा मिळाला नाही, आणि १९६५–६६ नंतर आंध्राला संतोष करंडकही मिळाला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पात्र ठरला नाही, आणि त्यानंतर आजतागायत तो एकदाही ऑलिंपिकला गेलेला नाही. जकार्ताचा विजेता संघ १९६६ च्या आशियाई सामन्यांत पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

याच प्रकारची कहाणी समुद्रापलीकडे त्यापूर्वी तीस-बत्तीस वर्षे घडली होती. अमेरिकेत फुटबॉल या नावाचा जो खेळ आहे तो आपल्या फुटबॉलहून निराळा असून त्यात चेंडू हाती घेऊन धावतात. आणि तेथे कॉलेजांच्या संघांना अलोट लोकप्रियता आहे. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचे शिक्षक नूट रॉकनी हे पूर्वी त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत. १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, अवघे १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडविले. शेवटचे दोन हंगाम तर तो अजिंक्य होता. ३१ मार्च १९३१ रोजी विमान कोसळून रॉकनी मृत्यू पावले. त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य हंक अँडरसन आला. पहिल्या वर्षी संघाने ६ सामने जिंकले व २ गमावले. दुसऱ्या वर्षी ७ जिंकले व २ गमावले. तिसऱ्या वर्षी मात्र केवळ ३ विजय आणि ५ पराभव पदरी पडले, व अँडरसन यांस जावे लागले.

हैदराबाद आणि नोत्र दाम यांच्यात इतके साम्य आहे की, त्यावरून एक नियम सुचतो. नव्या शिक्षकाची पहिली एक-दोन वर्षे बहुधा जुन्याच्याच खात्यावर जमा करावी लागतात. त्या काळातील यशाबद्दल नव्याला डोक्यावर घेणे जितके चुकीचे, तितकेच त्या काळातील अपयशाबद्दल त्याला हाकलून देणेही चुकीचे.

या दोन्ही ठिकाणी शिक्षक मृत्यूने नेला. परंतु शिक्षक जाणूनबुजून बदलला तर काय होते? अमेरिकेतील ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अभ्यासकांनी कॉलेज-संघांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक बदललेल्या संघाची तुलना त्यांनी तितक्याच यशापयशाच्या, परंतु शिक्षक न बदललेल्या संघाशी केली. अगदी तळाला गेलेल्या संघांना बदलाने फारसा लाभ झालेला दिसला नाही. मध्यम प्रतीच्या संघांची स्थिती तर, ज्यांनी शिक्षक कायम ठेवला त्यांच्या मानाने, पुढील वर्षांत अधिकच खालावली. हेल्सिंकीच्या दहा गोलांनंतर रहीम यांचे दार कायमचे बंद झाले असते, तर मेलबर्न आणि जकार्ता यांचे काय झाले असते, याचा अंदाज यावरून करता येईल.

अर्थात संघाचे सर्व बरेवाईट एका माणसावर लादणेही योग्य नव्हे. याला प्रमाणही हैदराबादेतच मिळते. अलीकडे त्या शहराच्या नावाने हैदराबाद एफ.सी. हा व्यावसायिक संघ निघाला. मानोलो मार्केझ या स्पॅनिश शिक्षकाच्या हाताखाली त्याने २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात मडगावजवळील फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. पुढच्या हंगामात तो साखळीत दुसरा आला. त्यानंतर मार्केझ गोव्याच्या संघाकडे गेले, आणि २०२३–२४ च्या हंगामात हैदराबादचा संघ एकच सामना जिंकून अगदी तळाला राहिला. परंतु त्याच सुमारास संघाची तिजोरी रिकामी झाली होती, आणि चांगले चांगले खेळाडू सोडून गेले होते. येथे शिक्षक गेला म्हणून घर पडले असे म्हणता येत नाही; घराचा पायाच खचत होता.

मग खरा प्रश्न उरतो तो हा की, जुन्या हैदराबादेचे वैभव परत का आले नाही, आणि नोत्र दामचे कसे आले? अँडरसन यांच्यानंतर त्या विद्यापीठाने १९३४ साली एल्मर लेडन यांस बोलाविले, आणि १९४१ साली फ्रँक लेही यांस. दोघेही रॉकनी यांच्याच हाताखाली खेळलेले. लेडन यांनी घडी पुन्हा बसविली. लेही यांच्या कारकिर्दीत १९४३, १९४६, १९४७ आणि १९४९ या साली तो संघ देशात पहिला ठरला. एक शिष्य अपुरा पडला, तरी दुसरा आणि तिसरा शिष्य परत येऊ शकेल असे घर तेथे उभे होते.

रहीम यांस शिष्य कमी नव्हते, आणि ते अपुरेही नव्हते. त्यांच्या हाताखाली रोम आणि जकार्ता येथे खेळलेले पी. के. बॅनर्जी यांनी १९७० साली बाशा यांच्यासह भारतीय संघाला शिकविले, आणि बँकॉकच्या आशियाई सामन्यांत भारतास कांस्यपदक मिळाले. आशियाई सामन्यांतील फुटबॉलचे ते भारताचे शेवटचे पदक. त्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे हैदराबादचे. तथापि बॅनर्जी यांची शिक्षक म्हणून कीर्ती झाली ती कोलकात्याच्या क्लबांत; नईमुद्दीन आणि हैदराबादचेच महंमद हबीब हे १९६६ साली कोलकात्यास गेले, आणि त्यांचे उभे आयुष्य बहुतांशी तेथेच गाजले. बलराम तर त्याआधीच, १९५७ साली, ईस्ट बेंगॉलकडे गेले होते. रहीम हयात होते तोवर एक गेला की त्याच्या जागी शाळांच्या मैदानातून दुसरा तयार होई. ते गेल्यावर जाणारे जात राहिले, आणि तयार करणारा हात उरला नाही. त्यांची विद्या नष्ट झाली नाही. ती बिऱ्हाड बदलून पूर्वेकडे गेली, आणि ज्या गावी ती जन्मली ते गाव रिकामे राहिले.

यावरून शाळा, महाविद्यालये आणि क्रीडामंडळे यांनी घ्यावयाचा धडा साधा आहे. उत्तम शिक्षक मिळाला की मंडळी त्याने जिंकलेल्या चषकांची कपाटे भरतात; त्याच्या हाताखाली पुढचा शिक्षक तयार होत आहे किंवा नाही, हे सहसा कोणी पाहत नाही. ते पाहण्याची वेळ वस्ताद धडधाकट असतानाच असते. मागाहून कपाटातील चषक मोजता येतात, परंतु दुबळ्या पायाचे सामने भरविणारा माणूस हुडकून सापडत नाही. चारठाण्याचा स्तंभ आजही ताठ उभा आहे. तसा दुसरा घडविणारा कारागीर मात्र त्या गावी मिळावयाचा नाही.