दगडातली कणसे: रॉसलिनचे चॅपेल आणि त्याच्या दंतकथा

एडिंबराच्या दक्षिणेला सुमारे ११ किलोमीटरवर रॉसलिन हे खेडे आहे. ऑर्कनीचा अर्ल विल्यम सिंक्लेअर याने १४४६ मध्ये तेथे संत मॅथ्यूच्या नावाने चॅपेल बांधायला घेतले. बेत होता क्रूसाच्या आकाराच्या मोठ्या चर्चचा. विल्यमच्या मृत्यूनंतर काम आवरते घेण्यात आले आणि पूर्वेकडचा भाग तेवढा उभा राहिला.

या अपुऱ्या वास्तूत वालुकाश्माचा हातभर भागही कोरा सोडलेला नाही. कमानदार छतावर गुलाब, कमळासारखी लिली आणि चांदण्या आहेत. तोंडातून वेली फुटलेले शंभराहून अधिक ‘हरित पुरुष’ भिंतींवर आहेत. एक देवदूत चक्क बॅगपाइप वाजवतो. सर्वांत प्रसिद्ध आहे तो ‘शागीर्दाचा स्तंभ’. त्याच्या पायाशी आठ ड्रॅगन आहेत आणि वर खांबाला पीळ घालत चढणाऱ्या वेली. गुरू परदेशी गेला असताना शागिर्दाने हा खांब कोरला आणि परतलेल्या गुरूने मत्सराने त्याचा जीव घेतला, असे सांगतात. मात्र फ्रान्समधल्या रूआँच्या चर्चबद्दलही जवळपास हीच कथा सांगितली जाते, हे विसरता येत नाही.

दुसरी दंतकथा एका खिडकीच्या कमानीवरची. तिथली नक्षी मक्याच्या कणसांची आहे, म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधीच विल्यमचे आजोबा हेन्री अमेरिकेला जाऊन आले होते, असा हा तर्क. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र त्यात मका दिसला नाही. दिसली ती कारागिराने घडवलेली शैलीबद्ध नक्षी. हा वाद आपल्याला अनोळखी नाही. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील होयसळ मूर्तींच्या हाती मक्याची कणसे आहेत, असा दावा एका अमेरिकी अभ्यासकाने केला होता. १९९३ मध्ये पायक आणि सचान या भारतीय मका-तज्ज्ञांनी तो खोडून काढला. ते मोत्यांनी मढलेले काल्पनिक ‘मुक्ताफळ’ आहे, असे त्यांनी मांडले.

तिसरी कथा टेम्पलर योद्ध्यांच्या गुप्त ठेव्याची. २००३ च्या ‘द दा विंची कोड’ने ती जगभर नेली. पण हा पंथ १३१२ मध्येच बरखास्त झाला होता, चॅपेलच्या पायाभरणीच्या १३४ वर्षे आधी. शिवाय १३०९ मध्ये एडिंबरात टेम्पलरांवर खटला चालला, तेव्हा सिंक्लेअर घराण्यातील दोघांनी त्यांच्या विरोधातच साक्ष दिली होती.

वास्तूचा खरा इतिहास कमी नाट्यमय नाही. १५९२ मध्ये धर्मसुधारकांनी वेद्या फोडायला लावल्या, १६५० मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने आत घोडे बांधले. विसाव्या शतकात शिल्पे वाचवण्यासाठी दिलेल्या लेपाने दगडातली ओल आतच कोंडली. ती सुकावी म्हणून १९९७ पासून अनेक वर्षे चॅपेलवर पोलादी छत्र धरावे लागले. कादंबरीमुळे लोटलेल्या गर्दीचा पैसा या डागडुजीच्या कामी आला, हेही नोंदवायला हवे.

या दुरुस्तीतच छतावरच्या कळसांमध्ये मधमाश्यांसाठी कोरलेल्या पोकळ्या सापडल्या. एका कळसात शिरायची वाट होती दगडी फुलातून. मध काढण्याची सोय नव्हती. माश्यांना निवारा मिळावा, एवढाच हेतू दिसतो. जमिनीवरून कुणाला दिसणार नाही, अशा जागी हे काम करणाऱ्या पाथरवटाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. खजिना आणि मका शोधण्याच्या नादात आपण नेमके त्याचेच श्रेय हिरावून घेतो.