तुसाचे दार

“तांदळात किडे झाले” असे आपण सहज म्हणतो; जणू ते तांदळातूनच उपजले! ही समजूत केवळ आपल्या स्वयंपाकघरातली नाही. सतराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्वानांनाही कुजके मांस, चिखल आणि धान्य यांतून कीटक आपोआप जन्मतात असे वाटे. असे असेल तर किडीला अडवण्याचा विचार सुचणार तरी कसा? जे आतच जन्मते त्याला दार लावून काय उपयोग?

१६६८ साली इटलीतील फ्रान्चेस्को रेडी याने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मांसाची काही भांडी उघडी, काही बंद, तर काही तलम कापड बांधून ठेवली. अळ्या उघड्या भांड्यांतल्या मांसातच झाल्या. रेडीला जीवोत्पत्तीचा प्रश्न सोडवायचा होता. पण त्याने बांधलेले ते कापड म्हणजे आजच्या अन्न कारखान्यांच्या खिडक्यांवरील जाळीचे मूळ रूपच होते.

धान्याचे कोडे अधिक अवघड होते. हॉलंडमधील लेव्हेनहुक याने १६८७ मध्ये सोंड्यांचे निरीक्षण करून तेही अंड्यांतूनच जन्मतात हे दाखवले. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार हवेत साधारण महिन्याभराने किडा बाहेर पडतो. तोवर दाणा वरून धड दिसतो; म्हणून ‘आपोआप’चा भास होतो.

आता आपल्या झाडीपट्टीत येऊ. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे धानाचे. येथील शेतकरी घरचे धान बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या ढोलीत ठेवत आणि लागेल तसे कांडून तांदूळ करत. लिंपण फटी बुजवी, हे तर उघड आहे. पण खरा पहारेकरी दाण्याच्या अंगावरच होता. तो म्हणजे तूस. तूस अखंड असेल तर सोंड्याला आत शिरणे फार कठीण जाते. अर्थात हा पहारा अभेद्य नाही. धान्याच्या पतंगाची इवलीशी अळी तुसाच्या सांध्यातूनही आत जाते.

मूल, सिंदेवाही, देसाईगंज या भागांत राइस मिल आल्या आणि बायकांचे कांडणाचे कष्ट वाचले. मात्र गिरणीत तूस निघते, म्हणजे निसर्गाने लावलेले दार आपण उघडतो. हाच तांदूळ पुढे पोत्यांत अनेक आठवडे राहतो. म्हणून जे काम तूस करत होते ते आता गिरणीच्या इमारतीला, गोदामाला आणि स्वयंपाकघराला करावे लागते.

हे न करता केवळ विषावर भिस्त ठेवली, तर काय होते? मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरल्याने, निर्यातीपूर्व प्रक्रियेसारखे मोजके अपवाद सोडून, विकसनशील देशांतही त्याचा वापर २०१५ पर्यंत थांबवण्याचे ठरले. फॉस्फिनला दाद न देणारे किडे १९७० च्या दशकातील जागतिक पाहणीतच आढळले होते. शिवाय हा वायू आतले किडे मारतो, पण तो विरून गेला की उद्या येणाऱ्यांना वाट मोकळीच. माणसालाही तो प्राणघातक असल्याने त्याच्या गोळ्या अप्रशिक्षित हातांत पडता कामा नयेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ चे नियमही किडी शिरू शकतील अशी भोके व गटारे बुजवावीत किंवा त्यांना जाळ्या बसवाव्यात, असे सांगतात.

हा विषय शिक्षकांच्या दाराशीही आला आहे. १९९५ मध्ये केंद्राची शालेय आहार योजना सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण देणे आवश्यक ठरले. तेव्हापासून शाळेतली तांदळाची खोली हीसुद्धा अन्न तयार होण्याच्या जागेचाच भाग आहे. आपण तिथे पाहावे: दाराखाली पेन्सिल जाईल एवढी फट आहे का? तेवढ्यातून उंदराचे पिल्लू आत येते. पोती भिंतीला टेकलेली आहेत, की फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर? नव्या पोत्यांशेजारी जुने, सोंडे लागलेले पोते तर नाही ना? कारण बाहेरची किडी पुष्कळदा पोत्यातूनच, आपल्याच हातांनी आत येते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका बरणीत अखंड तुसाचे धान, दुसरीत तितकाच तांदूळ घ्यावा. प्रत्येकीत दहा सोंडे सोडून तोंडाला तलम कापड घट्ट बांधावे. तिसरीत नुसता तांदूळ कापड बांधून ठेवावा. दीड-दोन महिन्यांनी मुलांना किडे मोजू द्यावेत. तिसऱ्या बरणीतही सोंडे निघाले, तर प्रयोग फसला असे समजू नये. ते कुठून आले, हा प्रश्न मुलांना विचारावा. रेडी आणि लेव्हेनहुक यांच्यापुढेही हाच प्रश्न होता.