रोगप्रतिकारक्षमता

शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्मजंतूंना परके म्हणून ओळखून त्यांचा नाश करण्याची व ती ओळख पुढे जतन करण्याची जी शक्ती मनुष्यदेहात असते, तिला रोगप्रतिकारक्षमता म्हणतात. त्वचा, श्लेष्मल पटल व जठरातील आम्ल यांना चुकवून जंतू आत आलेच, तर भक्षक कोशिका त्यांना गिळतात. त्यानंतर काही दिवसांनी बी-कोशिका नेमकी त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे निर्माण करतात आणि टी-कोशिका बाधित कोशिकांचा निकाल लावतात. स्मरण हे या व्यवस्थेचे मर्म. लस म्हणजे तिच्या दप्तरात आगाऊ केलेली नोंद. हिंदुस्थानात देवीची पहिली लस मुंबईत 14 जून 1802 रोजी एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. तेथेच 10 जानेवारी 1897 रोजी शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर (वाढोणा) परिसरातही वृद्धांच्या दंडावर देवीच्या लसीचे वण आढळतात, तर तान्ह्यांच्या डाव्या दंडावर बीसीजी या क्षयप्रतिबंधक लसीची पुळी उठते. आया तिला उगाच भितात. ती प्रतिकार जागृत झाल्याचेच लक्षण होय. ही लस बालकांना क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहापासून चांगले संरक्षण देते. प्रौढांच्या फुप्फुसक्षयावर मात्र तिचा भरवसा कमी आहे.