शिमग्याचे सहा दिवस



फाल्गुनी पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि वद्य पंचमीला रंगपंचमी. बोटांवर मोजले तर सहा दिवस भरतात. भोर-वेल्ह्याकडे राहणाऱ्या माणसाला हे सहा दिवस म्हणजे काय, ते समजावून सांगण्याची गरज नाही. भात केव्हाच घरात आलेले असते. राबासाठी तोडलेल्या फांद्या खाचरांच्या कडेला वाळत पडलेल्या असतात. मुंबईला कामाला गेलेली माणसे एस.टी.ने गावी येतात. डोंगराचा रंग उडालेला असतो आणि त्यात पळस, पांगारा आणि काटेसावर तेवढी पेटल्यासारखी दिसतात. रात्री हलगी वाजते, आणि पोरे कोणाच्या परसातली लाकडे लांबवायची ह्याचा बेत करीत बसतात.

ह्या मुलखाचा इतिहास म्हटले की आपण गडांकडे बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वर एवढे ज्याच्या वाट्याला आले, त्याने दुसरीकडे का पाहावे? पण गडावर शे-दोनशे माणसे असत. बाकीचा मुलूख खाली खोऱ्यांत राहत होता. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही त्या खोऱ्यांची नावे. त्या माणसांचा इतिहास शोधायचा तर शिमग्याकडे पाहावे लागते, असे माझे मत आहे. ते मत कसे बनले, तेच आज सांगायचे आहे.

आधी एका तिथीची गोष्ट सांगतो. भोर तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. कान्होजी जेधे देशमुखांचे हे गाव. तिथल्या जेधे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या एक हस्तलिखित जपून ठेवले होते. त्यात सालवार नोंदी होत्या: अमक्या साली, अमक्या तिथीला, अमके घडले. हीच जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवजन्म शके 1549 च्या वैशाखातला, म्हणजे 1627 चा, मानीत असत. शकावलीत मात्र शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. इंग्रजी तारखेने ती येते 19 फेब्रुवारी 1630. मग विद्वानांचे वाद झाले, ते बरीच वर्षे चालले, आणि अखेर राज्य शासनाने हीच तारीख मान्य केली. आता तिथी पाहा. फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे धुळवड आणि रंगपंचमी ह्यांच्या मधला दिवस. कारीच्या एका घरात कागद राहिला म्हणून शिवजन्माचा दिवस शिमग्यात आला!

हे झाले कागदाचे. पण कागद होते देशमुखांच्या घरी. ज्या गावात एकट्या कुलकर्ण्याला लिहिता येई, त्या गावाने आपली नोंद कुठे ठेवायची? ती ठेवलेली असे होळीच्या भोवती. होळी रचायची कोणी, पूजा कोणी करायची, अग्नी कोणी द्यायचा, नैवेद्याची पहिली पोळी कोणाची, हलगी कोणाच्या दारापासून वाजत निघायची, हे सारे ठरलेले असे. आपण त्याला रिवाज म्हणतो. पूर्वी तो हक्क होता, वतनाचा भाग होता. पाटीलकीच्या जुन्या कागदांत जमिनीच्या जोडीला टिळा, विडा, होळीची पोळी, पोळ्याचा बैल असे मान मोजून लिहिलेले सापडतात. दोघे भाऊ वेगळे निघाले की थोरल्याची पोळी आधी आणि धाकट्याची मागून, हे लिहून घ्यावे लागे. त्यावरून भांडण पेटले तर गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, शेजारगावचे पाटील, बलुतेदार जमत, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली असे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिले, त्यात ह्या मानपानाची आणि त्यापायी होणाऱ्या तंट्यांची मनसोक्त माहिती आहे. गुरुजींनी ते एकदा जरूर वाचावे.

आज आपल्याला हसू येते. एका पोळीसाठी माणसे डोकी फोडीत! पण विचार करा. वर्षातून एकदा, साऱ्या गावादेखत, कोण कोणाच्या पुढे उभा राहिला हे दिसत होते. गावाला वाचता येणारा सात-बारा म्हणजे ती होळीच होती. एका वर्षी मागे राहिला त्याची पुढच्या वर्षी जमीनही मागे सरे.

अर्थात पहिल्या पोळीचा मानकरी झाला म्हणून तो काहीही करायला मोकळा, असे नव्हते. भोर तालुक्यातल्याच रांझे गावचा 1646 सालचा निवाडा प्रसिद्ध आहे. तिथल्या बावाजी गुजर पाटलाने एका बाईशी बदअंमल केला. शिवाजीराजांनी त्याची पाटीलकी काढून घेतली, त्याचे हातपाय तोडविले, आणि पाटीलकी गुजर कुळातल्याच सोनजीला दिली. शिवमुद्रा असलेल्या अगदी जुन्या पत्रांत ह्या पत्राची गणना होते. ह्या पत्रातली शिक्षा सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र वाटते, त्या सालच्या फाल्गुनात रांझ्याच्या होळीपुढे पहिला कोण उभा राहिला, हे पाहायला सारे गाव जमले असेल.

आता ह्याच होळीची दुसरी बाजू. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत पाटलाची होळी पेटवायला विस्तव महारवाड्यातल्या होळीतून आणीत. गावाला त्यांचा विस्तव चाले, पाणी मात्र चालत नसे. हा मान होता की चाकरी, ह्याचे उत्तर कोणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा त्यांचे म्हणणे साफ होते: वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घ्यायचे आणि मोबदला मात्र हातावर टेकवायचा, ही गुलामी आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या लोकांनी ही कामे सोडली. पाठोपाठ 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने गेली, आणि 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली. म्हणजे होळीभोवतीच्या त्या रांगेला कायद्याचा आधार उरला नाही. जे चालते ते सवयीने चालते.

एका गावी मी होळीला गेलो होतो. दोन म्हातारे गृहस्थ अग्नी कोणी द्यायचा ह्यावर अर्धा तास हुज्जत घालीत राहिले, आणि तेवढ्यात एका पोराने खिशातली काड्यापेटी काढून होळी पेटवून दिली. सगळे बोंबलले. म्हातारेही बोंबलले. बरे झाले, असे मला वाटले; आणि घरी येताना थोडे वाईटही वाटले, कारण त्या दोघांपाशी जी माहिती होती ती कोणी लिहून घेतली नव्हती. मीही नाही. मान जावा, पण त्याची नोंद का जावी?

लाकडांचीही एक हकीकत आहे. शिमग्याची पोरे सुताराच्या फळ्या पळवतील, कोणाच्या गोवऱ्या पळवतील, पण देवराईतली वाळकी काटकी उचलणार नाहीत. मावळात गावोगावी अशा राया आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान, त्यात कुऱ्हाड चालवायची नाही. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी 1970 नंतरच्या काळात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून पाहिल्या आणि त्यांवर शास्त्रीय लेख लिहिले. इतरत्र नाहीशा झालेल्या जुन्या झाडा-वेलींना तिथे आसरा मिळालेला त्यांना दिसला. पानशेतचे धरण झाले तेव्हा डोंगरात रस्ते गेले, आणि रस्त्यांमागून कोळशाच्या भट्ट्या गेल्या. कंत्राटदारांनी पैसे पुढे केले तेव्हा काही राया गेल्या, काही टिकल्या. पानशेत म्हटले की आपल्याला 12 जुलै 1961 चा पूर आणि बुडालेले पुणे आठवते. धरणाच्या वरच्या अंगाला काय बुडाले आणि काय तुटले, ते वेल्ह्याच्या माणसांना विचारावे.

गाण्यांचे म्हणाल, तर ज्यांना कोणी लिहून घेणारा भेटला ती गाणी वाचली. अज्ञानदासाचा अफजलखानाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आज आपल्यापाशी आहेत, कारण अ‍ॅक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे गोळा करून 1891 साली ग्रंथरूपाने छापले. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांना आणखी जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यापासून आरंभ करून लाखाच्या वर ओव्या जमविल्या. शिमग्याच्या गाण्यांना कोण भेटले? ती अचकट-विचकट म्हणून सभ्य माणसांनी कानांआड केली. सोंगे काढणारी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. 1982 च्या संपानंतर पुष्कळ जण परत आले, तोवर गावी ध्वनिक्षेपक पोचला होता.

भोर गावाची रीत ह्याहून निराळी, कारण तिथे संस्थान होते. 1697 साली राजाराम महाराजांनी शंकराजी नारायण ह्यांना सचिवपद दिले, तेव्हापासून पंतसचिवांचा अंमल सुरू झाला, तो 8 मार्च 1948 रोजी विलीनीकरणाने संपला. शिमगा खोऱ्यांत, आणि त्यामागून येणारी रामनवमी राजवाड्यात, अशी वसंताची वाटणी होती. राजवाड्यात रामजन्म आजही होतो. जाता जाता एक मौज सांगतो. संस्थानचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. त्यांतले प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय 2024 साली झाला, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले. ते नाव संस्थानच्या दप्तरात तालुक्याचे नाव म्हणून पूर्वीच होऊन गेले आहे.

तेव्हा गुरुजी, माझी विनंती एवढीच. येत्या शिमग्यात मुलांना एक वही द्या. आपल्या गावची होळी कुठे पेटते, लाकूड कुठले, विस्तव पूर्वी कुठून येई, पहिला नारळ कोणाचा, पालखीपुढे वाजवणाऱ्याला काय मिळे आणि आता काय मिळते, हे आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. जिथे दोन घरे दोन उत्तरे देतील तिथे दोन्ही लिहू द्या. तुम्ही निकाल लावू नका. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या आजीला पहिल्यांदा विचारा, कारण तिला आजवर कोणी विचारलेले नाही.

आणि ज्यांची होळीची जागाच राहिली नाही त्यांनाही विचारा. वेळवंडी नदीवर भाटघरचे पहिले धरण 1892 च्या सुमारास पुरे झाले. पुढे त्याच्याजवळच मोठा बांध झाला, तो 1928 चा. पाणी नीरेच्या कालव्यांतून खाली गेले, तिकडे ऊस झाला. वर मात्र वेळवंड खोऱ्यातली शेते, देवळे, चावड्या पाण्याखाली गेल्या आणि माणसे काठाने वर सरकली. कांबरे गावचे कांबरेश्वराचे जुने देऊळ त्यांतच आहे. वर्षातला बहुतेक काळ ते पाण्यात असते. शिमगा होतो, पाडवा होतो, ऊन वाढते, आणि धरणाचे पाणी उतरत जाते तसे आधी वरचा भाग, मग भिंती, मग गाळाने माखलेला उंबरा दिसू लागतो. काठावरची माणसे चिखल तुडवीत जातात, आतला गाळ काढतात आणि पिंडीवर पाणी घालतात. मृग लागून पाणी पुन्हा चढेपर्यंत देऊळ उघडे असते.